गुरुवारी भात का उरतो

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी साडेनऊला मी शाळेच्या कोठीत दुपारच्या आहाराचे तांदूळ मोजून देत होते. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी पातेलं पुढे धरून उभ्या होत्या, पण त्यांचं लक्ष तांदळाकडे नव्हतं.

"बाई, काल शाळेच्या समितीचं अध्यक्ष आलं व्हतं. उरलेल्या भाताची बादली बघितली न् म्हनले, हाताला चव न्हाई, दुसरं मानूस बघावं लागंल. सतरा तारखेच्या मीटिंगमधी ठरवनारेत."

मावशी अकरा वर्षं आमच्याकडे रांधतात. मी रोज तोच भात खाते, चांगला असतो. पण मला आवडतो, या बोलण्याला मीटिंगमध्ये कोण विचारतो? भात उरत होता, हे तर खरंच होतं.

त्याच दिवशी सातवीला स्तंभालेख शिकवायचा होता. पुस्तकात कुठल्याशा शहरातल्या वाहनांची संख्या दिली होती. मी पुस्तक मिटलं आणि एकवीस पोरांना सांगितलं, "आजपासून उरलेला भात रोज मोजायचा. आणि तो का उरतो, ते मीटिंगच्या आधी मला सांगायचं."

"मावशीमुळं," मागून एकजण लगेच म्हणाला.

"मोजल्यावर सांग."

पहिल्या दिवशी बादलीत एक शीत नव्हतं, तरी वहीत दीड किलो लिहिलं गेलं. "बादली शिजवली व्हती काय रं मी?" मावशींनी विचारलं. मग रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात भिंतीवरच्या कागदावर स्तंभ उभे राहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार बुटके. गुरुवारचा मात्र कागदाच्या वरच्या कडेला टेकायला आलेला. शुक्रवारी पुन्हा काहीच नाही.

गुरुवारी मसालेभात असतो. "मसालेभात बेकार!" अख्ख्या वर्गाचा निकाल लागला. म्हणजे दोष पुन्हा मावशींच्याच माथी. मी विचारलं, "दोष मसालेभाताचा की गुरुवारचा, हे कसं ओळखाल?"

बराच गोंगाट झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "वार बदलून बघू." तिच्या घरी अजून मेंढरं आहेत. एरवी ती वर्गात फारशी बोलत नाही.

मुख्याध्यापकांना विचारून आम्ही मसालेभात मंगळवारी केला आणि मंगळवारची खिचडी गुरुवारी. मंगळवारी मसालेभाताचं पातेलं चाटूनपुसून साफ. गुरुवारी सातवीतलं एकही पोर सुट्टीत खेळायला गेलं नाही. सगळी वजनकाट्याभोवती. खिचडी उरली, आधीच्या गुरुवारच्या मसालेभातापेक्षाही जास्त! पोरांनी असा काही ओरडा केला की पहिलीचा वर्ग बाहेर आला. मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "बघा, म्या सांगत व्हते," त्या म्हणाल्या. खरं तर त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

"मार्गशीर्ष हाय बाई, गुरुवारचा उपास असनार," मग त्यांनीच कारण सुचवलं. उपास करणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं, तर अख्ख्या शाळेत तीन हात. त्यातला एक साबुदाण्याच्या खिचडीसाठी. ते कारण आम्ही खोडलं.

शुक्रवारी मी हजेरीची पत्रकं वर्गात आणली. पोरांनी वारांप्रमाणे बेरजा केल्या आणि लगेच सापडलं. कारखान्याला ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांची मुलं या दिवसांत आमच्या शाळेत असतात. गुरुवारी आठवडी बाजार. ती आईबापांबरोबर बाजाराला जातात.

"पोरंच कमी, मग भात उरनारच की!" बाकं बडवली गेली.

मेंढरांच्या घरची मुलगी तेवढी अजून पत्रकाकडेच बघत होती. मग म्हणाली, "पन मावशीनं कमी का न्हाई शिजवला?"

"दिले तेवढेच तांदूळ मावशी शिजवतात," मी म्हटलं.

"आन् त्यास्नी देतं कोन?"

एकवीस माना माझ्याकडे वळल्या.

मी सांगून टाकलं. प्रार्थनेनंतर माझ्यामागे फोन आणि माहिती भरण्याची कामं लागतात, म्हणून तांदूळ मी साडेनऊलाच उरकते. तेव्हा हजेरी झालेली नसते. आकडा कालचा धरते.

"म्हंजी गुरुवारी तुमी बुधवारची पोरं जेवू घालता," ती म्हणाली. "आमच्यात मेंढरं वाड्यात घेताना रोज नव्यानं मोजत्यात. कालचा आकडा कुनी धरत न्हाई."

"आन् शुक्रवारी गुरुवारची!" मागच्या बाकावरचा तो उसळला. "म्हनून मला शुक्रवारी दुसऱ्यांदा भात मिळत न्हाई, बाई!"

मी एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे. फळ्यावर एकाखाली एक दोन आलेख काढले, एक हजर मुलांचा आणि एक दिलेल्या तांदळाचा. दुसरा पहिल्याच्या बरोबर एक दिवस मागे चालत होता. शुक्रवारची रिकामी बादलीही जुळली. चूक माझी निघाली होती आणि तरी मी खडू हातात धरून हसत होते. पोरं घंटा झाली तरी उठेनात.

सतरा तारखेला, बुधवारी, मीटिंगमध्ये त्या मुलीनंच कागद धरून सगळं सांगितलं. अध्यक्षांनी गुरुवारच्या स्तंभावर बोट ठेवलं, मग हजेरीवर, पुन्हा स्तंभावर.

"म्हंजे मावशीची चूक न्हाई?"

"नाही. माझी," मी म्हटलं.

"मग मावशी ऱ्हाऊ द्या. बाई बदलायच्या का?"

"ऱ्हाऊ द्या वो," दारातून मावशी म्हणाल्या, "भात आवडीनं खात्यात."

सगळ्यांत मोठ्यानं अध्यक्षच हसले. मावशींना काढण्याचा विषय तिथंच मिटला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. प्रार्थना झाल्यावर मी रांगांमधून फिरून डोकी मोजली आणि साडेनऊऐवजी पावणेअकराला तांदूळ दिले. मावशींचा सव्वा तास गेला होता आणि निवडायला दोनच हात. फोन कपाटात ठेवला, सातवीला व्हरांड्यात उदाहरणं सोडवायला बसवलं आणि मावशींच्या समोर मांडी घालून तांदूळ निवडायला बसले.