डायनामोवरचा शेंदूर

आमच्या दारातली गाडी म्हणजे अमरावतीकरांच्या लेखी न्हाणीतला टप होता. दोनच माणसं मावतील एवढी, वर छप्पर नाही, आत बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. पण स्पोर्ट्‌स कार होती हो! बाबा ज्या जिनिंग फॅक्टरीत इंजिन सांभाळायचे, तिथला गोरा मॅनेजर मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेला होता. आई घरात तिला 'उघडी-बोडखी' म्हणायची आणि बाहेर कोणी हसलं तर त्याची सालटी काढायची.

पण आदल्या दिवाळीत हसला तो तिचा सख्खा भाऊ. अकोल्याचा मोठा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "जावईबुवाची गाडी अमरावतीचं नाकं ओलांडत नाई."

आई तिथल्या तिथे म्हणाली, "दसऱ्याले सोनं द्याले गाडीतच येतो. पाहून घे."

आणि दसऱ्याच्या आदल्या सकाळी डायनामो मेला. चालत्या इंजिनावर बॅटरी भरतो तो हा डायनामो. तोच गेला की अकोल्याहून परतताना अंधार पडला की दिवे मिटणार, म्हणजे जायचंच नाही. बाबांनी भंगारातून दुसरा आणून ठेवलेला होता. "तासाभराचं काम हाय," ते म्हणाले. मी पदर खोचून पान्यांची पेटी घेऊन हजर. मी तेव्हा कॉलेजात होते, नुकतंच लायसन मिळालं होतं, आणि त्या गाडीच्या पोटात हात घालायला मिळाला की माझ्या अंगात वारं शिरायचं.

दोन बोल्ट मुकाट सुटले. तिसरा हलेना. घासलेट ओतलं, हातोडी ठोकली, पान्याला पाइप लावून दोघांनी जोर केला. बोल्ट आपला ढिम्म. पाना त्याच्या डोक्यावर नीट बसायचाच नाही, अर्धवट धरायचा आणि सटकायचा. शेवटी सटकला तो बाबांचा अंगठा चेचूनच. बाबा हाताला फडकं गुंडाळून ओट्यावर बसले. "आता एसटीनंच जा लागते," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. तिचं हिरवं लुगडं कालपासून खुंटीवर काढून ठेवलेलं.  भावाचं ते वाक्य तिनं वर्षभर गिळून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

ती खाली उतरली आणि गाडीवर ओणवी झाली. "कोणता हलून नाई राह्यला?"

मी बोट दाखवलं. तिनं नखानं खरवडलं, नख नाकाशी नेलं. "अवो, हा त शेंदूर हाय."

दर दसऱ्याला बाबा गाडीची पूजा करायचे. हळदीकुंकवावर त्यांचं भागत नसे. जे फिरतं त्याला शेंदूर हवाच, हा त्यांचा नेम. आमच्याकडे खायला जवसाचं तेल, त्यातच शेंदूर कालवून ते डायनामोच्या त्या बोल्टाला बोटभर टिळा लावायचे. इंजिनाच्या उष्णतेनं तो भाजून वरून काळा पडायचा, पुढच्या दसऱ्याला त्यावर नवा थर. आणि गंमत अशी की फॅक्टरीत वाफेच्या नळाचे सांधे गळू नयेत म्हणून बाबा स्वतः हेच कालवण लावत असत. लावलं की वर्षानुवर्षं हलत नाही म्हणून त्याची तारीफही करत.

बाबांनी तिचं नख धरून जवळून पाहिलं. मग असे हसत सुटले की अंगठा विसरले.

आईनं चुलीवरचं आधणाचं पाणी आणलं आणि उलथनं. ती पाणी ओतायची आणि चिकटलेलं पिठलं काढावं तशी खरवडायची. मी खालून फडक्यानं पुसत होते. लाल खपल्या पडत गेल्या आणि खाली बोल्टाचे कोपरे दिसले. मी पाना चढवला. गच्च बसला. मडगार्डला पाय रोवला.

"ओढ," आई म्हणाली.

कट्‌ करून आवाज आला आणि बोल्ट फिरला. मी अक्षरशः नाचले. भर रस्त्यावर, काळ्या हातांनी, शेजारपाजार बघत असताना. नवा डायनामो मीच चढवला. बाबा ओट्यावरून सांगत होते, मी पट्टा ताणत होते. इंजिन सुरू केलं आणि चार्जिंगचा तांबडा दिवा विझला, म्हणजे बॅटरी भरायला लागली. एवढा आनंद मला मॅट्रिक झाल्यावरही झाला नव्हता.

मग बाबा सुजलेला हात बघत म्हणाले, "गिअर मले धरवत नाई. पोरगी नेईन तुले."

आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हळू चालवशीन?"

"नाही," मी म्हणाले. ती चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी पूजेला बाबा वाटी घेऊन आले, तर आईनं ती काढून घेतली. "शेंदूर लावाचा असन त मारोतीले लावा." गाडीला झेंडूची माळ तेवढी मिळाली.

अकोल्यात मामाच्या दारात गाडी थांबवली तेव्हा आईचा अंबाडा सुटला होता आणि केस धुळीनं पांढरे झाले होते. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. मामा ओट्यावरून उतरला, गाडीभोवती फिरला.

"जावईबुवा कुठी?"

"घरी. दोघांचीच जागा हाय."

"अन् रस्त्यात बिघडली असती त? या पोरीच्या भरवशावर निघाली तू?"

आईनं पिशवीत हात घातला. मला वाटलं आपट्याची पानं काढतेय. तिनं उलथनं काढलं आणि मामाच्या हातात ठेवलं.

"पोरगी होती, अन् हे होतं."

मामा ते उलटसुलट करून पाहत राहिला. त्याच्या टोकाला अजून शेंदूर लागलेला होता.