मायच्या पुढं चालायचे दिवस

मालकानं कपाशीची फांदी माझ्या तोंडासमोर धरली आणि विचारलं, "नर कोन्ता आन् मादी कोन्ती, एवढं बी कळंना का गं तुला? मंग कॉलेजात काय शिकून राह्यली?"

बांधावर बायका उभ्या होत्या. जालन्याहून आलेले बियाणं कंपनीचे साहेब मोटारसायकलला टेकले होते. साहेब हसले. मग काही बायकाही हसल्या. मालकाच्या शेतात साहेब हसल्यावर हसावं लागतं.

"लगीन लावून दे हिचं," मालक माझ्या मायला म्हणाला. "आपोआप कळंल नर-मादी."

माय खाली बघत होती. पदराचा शेव तिनं दातात धरला होता. मी एकोणीस वर्षांची होते. बी.ए.ला. आमच्या वस्तीतून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी.

आणि मीही हसत होते. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मला थांबताच येत नव्हतं.

हे मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. प्रयत्न करते.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीपासून जवळ. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तिकडं कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट जोरात होते. शेत मालकाचं, बियाणं कंपनीचं, बोटं आमची. एका कडेला नराच्या ओळी, बाकी सगळ्या मादीच्या. दुपारी मादीच्या कळ्या नखानं सोलायच्या, म्हणजे आतले पुंकेसर काढून टाकायचे. सोललेल्या कळीवर खुणेचा लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्या कळीवर हलकेच घासायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत हेच काम. बाप मी लहान असतानाच गेला होता. माय वर्षानुवर्षं प्लॉटवर जायची. सुट्टी असली की मीही.

त्या वर्षी पोळ्यानंतर मला फार बरं वाटू लागलं.

बरं म्हणजे किती, ते कसं सांगू? झोप कमी झाली, पण थकवा नाही. पहाटे डोळा उघडायचा तो लख्ख. भाकरी अर्धी टाकून उठायचे. मी तशी अबोल. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज घशात अडकायचा. आता बोलणं थांबत नव्हतं. गाणी, उखाणे, राजकारण, सगळं. बाजारात गेले तर प्लॉटवरच्या सगळ्या बायकांसाठी बांगड्या घेऊन आले. माय म्हणाली, "हे काय गं?" मी तिच्यावरच ओरडले. मी प्राध्यापक होणार होते, वस्तीत वाचनालय काढणार होते, मोडी शिकणार होते. सगळं याच महिन्यात.

आणि हात. हात तर विचारू नका. दुसऱ्या बाईची एक ओळ होईपर्यंत माझ्या दोन व्हायच्या. मालक खूश. लोकांना आणून दाखवायचा. "ही आपली मशीन."

बायकांना म्हणायचा, "ती पोरगी शिकून बी एवढं करती. तुमाला काय धाड भरली?"

पार्वताकाकू माझ्या शेजारच्या ओळीत असायची. वयानं मोठी, तोंडानं तिखट. ती एकदा म्हणाली, "बये, जरा दमानं. तुझ्या पायी आमचं पाणी प्यायला जानं बंद झालं."

मी तिला म्हणाले, "तुम्ही आळशी आहात." साठीच्या बाईला.

कुणालाच वाटलं नाही, मी आजारी आहे. कसं वाटावं? आमच्या घरात माणूस अंथरुणाला खिळला की आजारी. उभा आहे, राबतोय, गाणं म्हणतोय, तो आजारी कसा? मायनं तर नारळ फोडला. पोरीची सुस्ती गेली म्हणून.

मग एका दुपारी मी मादीच्या ओळी संपवल्या आणि थांबलेच नाही. तशीच नराच्या ओळींत शिरले. कळ्या सोलत गेले. एकही ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रॉसिंगला नराचं फूल नाही. आदल्या दिवशी सोललेल्या सगळ्या कळ्या वाया.

त्या सकाळचं वर सांगितलं आहे.

त्यानंतर मी बांधावर उभी राहून भाषण केलं म्हणतात. मालकाला मी बरंच काही खरं बोलले. आम्हाला घागरीला हात लावू देत नाही, वरून ओंजळीत पाणी ओतता. बायकांची नावं घेत नाही, "ए" म्हणता. सगळं खरं. पण मधेच मी गायला लागले, मधेच रडले, डोक्यावरची ओढणी फेकली. मग सगळंच खोटं झालं. "येडी झाली," मालक म्हणाला. "धरा तिला."

भगताकडे नेलं. लिंबं उतरवली. कडुलिंबाच्या फोकानं मारलं. दिवाळीनंतर मी कोसळले. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहायचे, वेणी घालायचंही सुचायचं नाही. कॉलेज बुडालं. तेव्हा कुठं घरच्यांच्या हिशेबानं मी आजारी झाले. उपकेंद्राच्या सिस्टरनं मायला समजावलं आणि आम्ही एसटीनं औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाई होत्या. घाईत असायच्या, पण ऐकून घ्यायच्या. त्यांनी सांगितलं, हा एकच आजार आहे, त्याला दोन टोकं आहेत. गोळ्या दिल्या, वेळोवेळी रक्त तपासायला सांगितलं. मी थोडी बरी झाल्यावर म्हणाल्या, "तू पडून असतेस तेव्हा तुला इथं आणतात. मला तू त्याआधी हवी आहेस. तुला फार छान वाटायला लागतं ना, तेव्हा."

मी म्हटलं, "छान वाटतंय म्हणून दवाखान्यात कोण येतं?"

"तेच तुला शिकायचं आहे," त्या म्हणाल्या. "पूर्ण चढलं की तुला कळणार नाही. सुरुवातीला कळू शकतं. त्या पायरीला हायपोमेनिया म्हणतात. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. तुझी पहिली कुठली?"

मी झोप सांगितली. बोलणं सांगितलं. मग त्यांनी मायला विचारलं. ती म्हणाली, "बाई, ही तवा माझ्या म्होरं चालायची."

आमच्याकडं शेताला जाताना बांधावरून एकामागं एक चालतात. माय पुढं, मी मागं. लहानपणापासून. माय म्हणाली, पोळा झाला आन् पोरगी म्होरं. नुसती म्होरं न्हाई, उलटी फिरून, माझ्याकडं तोंड करून, बोलत बोलत मागं मागं चालायची. पडशील म्हटलं तर हसायची.

डॉक्टरांनी मान हलवली. "हे दिसलं की गाडीत बसायचं. वाट बघायची नाही."

पुढच्या वर्षी मी कॉलेजात परत गेले. पोळ्याच्या आधी मालक स्वतः आमच्या वस्तीत आला. खाटेवर बसला नाही, उभ्यानंच बोलला. "पोरीला घेऊन ये प्लॉटवर. मागल्या साली शेवटाला घोळ झाल्ता, पर हात बिलकुल मशीनसारखा चालत व्हता."

त्याला मी नको होते. त्याला तो हात हवा होता.

आम्ही गेलो. दुसरं काम नव्हतं. काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी बांधावरून जाताना मी मायला माझ्या एका मास्तरांची नक्कल करून दाखवत होते. माय एकदम थांबली.

"तू म्होरं चालून राह्यली," ती म्हणाली.

मी खरंच पुढं होते. तिच्याकडं तोंड करून.

मला राग आला. आधी तोच आला. किती दिवसांनी जरा बरं वाटतंय, तेही हिला बघवत नाही! मग त्या रागाचीच भीती वाटली. पहाटेपासून जागी होते आणि डोळे चुरचुरत नव्हते. आदल्या रात्रीची भाकरी तशीच होती. ते बरं वाटणं किती गोड असतं, हे ज्याला आलं नाही त्याला सांगून कळणार नाही. अंधारातून उन्हात आल्यासारखं. आणि ते ऊन आपणच, आपल्या पायानं मागं सोडायचं.

"माय, दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. तोंडातून निघता निघेना.

मालकाला सांगायला प्लॉटवर गेलो. तो बायकांच्या समोर म्हणाला, "चांगली तर दिसून राह्यली. आत्ता कुठं रंगात आली. क्रॉसिंग होऊ दे, मंग जा. गोळ्या खाऊन म्हशीवानी सुस्त पडशील."

मी म्हटलं, "आजच जायचंय."

"जा मंग," तो म्हणाला. "आन् डॉक्टरला इचारून ये, नर कोन्ता आन् मादी कोन्ती."

बायका हसल्या. पार्वताकाकू हसली नाही.

माझ्या छातीत सगळं एकदम उसळून आलं. घागर, ओंजळ, भगताचा फोक, मायचा दातातला पदर. शब्द एकमेकांच्या अंगावर चढत होते. मला ते ओळखता आलं. हा राग माझा होता, पण ही घाई आजाराची होती. मी बांधावर खाली बसले. घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्याले. सगळे बघत होते. मी श्वास शांत होऊ दिला आणि त्या सगळ्यातून एकच गोष्ट निवडली.

"मालक," मी बसूनच म्हणाले, हळू, "मागच्या वर्षी तुमच्या नराच्या कळ्या मी सोलल्या, तेव्हा मी आजारी होते. माझ्या मायसमोर तुम्ही मला ते विचारलं, तेव्हा तुम्हाला काय झालं होतं?"

कुणी हसलं नाही.

"हिची गोळी चुकली," मालक बायकांकडं बघून म्हणाला.

"नाही चुकली."

त्यानं मायकडं बोट केलं. "घेऊन जा हिला. आन् तू बी पुन्हा पाय ठेवू नको हितं."

मायचं काम गेलं. गावातल्या दुसऱ्या प्लॉटवरही त्या वर्षी तिला कुणी घेतलं नाही. पार्वताकाकू त्याच ओळीत राहिली. तिला घर होतं, पोट होतं. मी तिला दोष देत नाही. औरंगाबादला गोळ्या वाढवल्या. आठवडाभर जीभ जड होती, हात कापत होते. परीक्षेत एक विषय राहिला. म्हणून सांगते, कुणी याला विजय म्हणू नये.

पण त्या वर्षी माझ्या अंगावर फोक पडला नाही. आणि मी बोललेलं एक वाक्य खोटं पाडायला मालकाजवळ काही उरलं नाही.

तेव्हापासून मी माझ्यावर पहारा देते. झोप, भाकरी, आवाज, बाजारातला हात. खूण दिसली की गाडीत बसते, मग परीक्षा असो नाहीतर लग्न. कारण मी जितकी चढेन, तितकं माझं खरं बोलणं ते वेडाच्या खात्यात टाकतील. तेवढी सोय मी त्यांची करणार नाही. गोळी घेईन, झोपेन, आणि सकाळी उठून तेच बोलेन. हळू बोलेन.

बांधावरून मी मायच्या मागं चालते. दुसऱ्या कुणाच्या मागं चालणार नाही.