वाद्यं लावतायत

आज सकाळी चहा पिताना श्रीरंगची बोटं टेबलावर नुसती पडून होती. एरवी ती सारखी कसला तरी ताल धरून असतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याची बोटं अशी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

व्हायोलिन आणि चेलोसाठी नवं संगीत रचण्यात त्याने उभं आयुष्य घातलं. काल त्याची मोठी रचना पहिल्यांदाच सभागृहात वाजली. संथ भाग चालू असताना आमच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ फोनवर कुजबुजले, "ये सावकाश. अजून सुरू नाही झालं, वाद्यं लावतायत."

श्रीरंगने ते ऐकलं. घरी येताना मी त्या माणसाला नावं ठेवू लागले, तर म्हणाला, "त्याचं काय चुकलं गं? त्याला खरंच तसं ऐकू आलं."

न आवडलेलं चित्र निदान भिंतीवर राहतं. कुणाच्या कानात न शिरलेला सूर कुठे राहत असेल? इतकी वर्षं हा माणूस कुणाशी बोलत होता?

"रेडिओ लावू का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "शांतच बरं वाटतंय."

मी कपबशा आवाज न करता उचलल्या.