करंड्याचं पोट

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते. त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायची झाली की मला तक्ता केल्याशिवाय चैन पडत नाही. मिक्सर असो की बाबांचा चष्मा, वहीचं पान आडवं धरायचं, रेघा ओढायच्या आणि गुण देऊन मोकळं व्हायचं. बाबा हसायचे. म्हणायचे, हिच्यासाठी स्थळ आणलं असतं तर त्यालाही दहात सहाच पडले असते. मी लग्न केलं नाही, आई लवकर गेली, आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. आमचं जमायचं, कारण मी बोलायची आणि ते ऐकून घ्यायचे.

बाबांचं दुकान नरसीच्या रस्त्याला. पुढे फळीवर लाटणी, रव्या, पलंगाचे पाय. मागे पत्र्याखाली लाकूड कातायचं लेथ. लाटणं काय, कोणीही करील, असं त्यांचं मत होतं. त्यांचा जीव होता तो कुंकवाच्या करंड्यात. शिसवीचा, मुठीएवढा, तोंड इतकं अरुंद की दोन बोटं जेमतेम आत जावीत. आसपासच्या गावांतले लोक लेकीच्या रुखवतात मांडायला तो सांगून करून घ्यायचे. बाहेरून आकार देणं सोपं. आतून पोकळ करणं, म्हणजे बाबांच्या भाषेत पोट काढणं, हे खरं काम. लाकूड गरगर फिरत असतं, वाकड्या टोकाचं अवजार आत घातलेलं असतं आणि आतलं काहीच दिसत नाही. बाबा तर तेव्हा समोरच्या पत्र्याकडे बघत असायचे. दांडा उजव्या बगलेत दाबलेला, आणि डावा हात टेकणीवर, म्हणजे लाकडासमोरच्या आधाराच्या पट्टीवर, अवजाराला वेढलेला. लाकूड किती उरलं ते त्या डाव्या हाताला कळायचं. कसं कळतं, असं मी कितीदा तरी विचारलं. त्यांना सांगता यायचं नाही आणि मला ते पटायचं नाही.

मग त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात अर्धाच आला. तीन महिन्यांनी ते पुन्हा लेथवर उभे राहिले. लाटणी झाली, रव्या झाल्या. करंड्याचं पोट काढताना मात्र अवजार लाकडात अडकलं, डाव्या हाताला आवरलं नाही आणि दांडा उसळून त्यांच्या बरगडीवर बसला. मी कॉलेजातून आले तेव्हा ते करंड्याचे तुकडे गोळा करत होते. मांजर आलं होतं, म्हणाले. शिसवीचा करंडा फोडणारं मांजर मी अजून पाहिलेलं नाही. मी खूप ओरडले. करंडे बंद करा, नाहीतर धड अवजार घेऊ, एवढे दोनच पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, अवजार घेऊ.

संध्याकाळी आम्ही मोबाइलवर परदेशातल्या कारागिरांचे व्हिडिओ बघायला लागलो. पोट काढायची अवजारं तीन तऱ्हांची निघाली. पहिलं म्हणजे नुसती लांब पोलादी कांब, मागे जड दांडा, पुढे फिरवून बसवता येणारं छोटं पातं. बाकी सगळं आपल्या हातात. दुसऱ्यात ती कांब मागच्या बाजूला दोन सळयांमध्ये अडकवलेली, म्हणजे ती पिळवटत नाही. माणसानं फक्त पुढं-मागं करायचं. तिसरा तर पुरता लोखंडी हातच होता. खांदा-कोपराला असावेत तसे सांधे, लेथच्या टोकाला बोल्टनं घट्ट बसवलेला. झटका बसला तर तो सोसणार, माणसानं दोन बोटांनी वळवायचं. वर, पातं आत कुठवर पोचलं ते बाहेरून दाखवणारा लाल दिव्याचा ठिपका; तो लाकडाच्या कडेवरून सरकला की समजायचं, आता पुरे.

बाबांनी लगेच पहिल्याकडे बोट केलं. मी समजावलं. टेकणीपासून टोक जितकं लांब जाईल तितका झटका मोठा, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकलं आणि पुन्हा पहिल्याकडेच बोट केलं.

"ह्याच्यात हाताला कळंल," ते म्हणाले. "त्या तिसऱ्यात लाकडाचं अन् माझं बोलनंच व्हत न्हाई."

मला तुमचं बोलणं नको, तुमच्या बरगड्या धड पाहिजेत, असं मी म्हणाले आणि तक्ता केला. सुरक्षितपणा, डाव्या हातावरचा ताण, अचूकपणा. तिसऱ्याला पैकीच्या पैकी पडले. बाबा जे म्हणाले त्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. मी तिसरा मागवला आणि मग त्यांना सांगितलं. ते 'बरं' म्हणाले. तो होकार आहे असं मी धरून चालले.

तो आला, बसवला, आणि पहिलाच करंडा असा उतरला की कुठंही हात लावा, जाडी सारखी. मी चारही बाजूंनी फोटो काढले. बाबांनी तो तळहातावर फिरवून पाहिला.

"बराबर झालाय," ते म्हणाले. "पन म्या न्हाई केला."

मग काय मांजरानं केला का, असं म्हणून मी हसले. त्यानंतर त्यांनी आणखी चार-पाच केले. उजव्या हाताची दोन बोटं वळवायला, आणि डावा हात नुसता बाजूला लोंबत. ते बघून मला बरं वाटायचं. त्या हाताला आराम मिळतोय, म्हणायची. हात म्हणजे बॅटरी, ठेवला की चार्ज होतो, असं मला वाटत असावं.

पुढं खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, आणि आमच्या घराचा एक नेम आहे. ज्याची हत्यारं त्यानंच धुवायची आणि त्यानंच आणून पाटावर मांडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माणूस गेला तरच त्या वर्षी त्याची हत्यारं घरातलं दुसरं कोणी आणतं. आजोबांची बाबांनी आणली होती, तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी बाबा अंघोळीला गेले होते. जड पटाशी ओल्या हातातून निसटून पायावर पडेल, म्हणून मी सगळी हत्यारं धुतली, पुसली, पाटावर ओळीनं मांडली आणि झेंडू वाहिला. नेम आठवला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवला होता. जुनं खूळ म्हणून मी तो बाजूला सारला.

बाबा अंग पुसत आले आणि दारातच थांबले.

"काहून आनली तू?"

"तुमच्या हातानं उचलली असती का, बाबा?"

मी हे घाईत बोलले, वर्गातल्या ढ पोराला बोलावं तसं. ते पाटासमोर बसले, उजव्या हातानं एकेका हत्याराला कुंकू लावलं आणि एका हातानंच नमस्कार केला.

दसरा झाल्यावर त्यांनी हत्यारं उचलली नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही. दुकान उघडायचे, हिंगोलीहून आणलेली लाटणी विकायचे. करंडा मागायला कुणी आलं की, आता बंद केलं, म्हणायचे. मला वाटलं, रुसलेत. मीही हट्टी. येतील आपणच लेथवर, म्हणून मी तो विषय काढलाच नाही, आणि थंडी सरेपर्यंत आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसून पावसापाण्याचं बोलत राहिलो.

तोवर त्यांच्या डाव्या हाताची बोटं आत वळायला लागली होती. हिंगोलीला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, मधल्या काळात या हातानं काय काम करत होते? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की त्या हातावरचा सगळा ताण मी काढून टाकला आहे. बाईंनी बाबांची वळलेली बोटं एकदा सरळ करून पाहिली. मग म्हणाल्या, "मॅडम, अवजार धरणं हाच त्यांचा व्यायाम होता."

मी बाहेर येऊन स्कूटीला टेकून रडले. जाणारे-येणारे बघत होते, बघू दिलं. त्याच दिवशी पहिलं अवजार मागवलं, बाबांनी बोट केलं होतं ते.

ते एका रविवारी आलं. मी लोखंडी हात सोडवून बाजूला केला आणि लेथवर शिसवीचा ठोकळा चढवला. बाबा का कू न करता उठून आले. उजव्या हातानं दांडा बगलेत बरोबर बसवला, इतका बरोबर की माझ्या जिवात जीव आला. डावा हात त्यांनी टेकणीवर ठेवला. मी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि कांबेभोवती गुंडाळली. सोडली की ती परत आत वळायची. शेवटी मी त्यांच्या मुठीवर माझी मूठ धरली आणि दुसरा हात बटनाकडे नेला. बाबा समोरच्या पत्र्याकडे बघत होते.

"लागतंय का काही हाताला?" मी विचारलं.

त्यांनी पत्र्यावरची नजर माझ्याकडे वळवली. माझ्यासाठी खोटं बोलावं का, याचाच विचार करत असावेत.

"बटन नको दाबू, माय," ते म्हणाले.

मी बटनावरचं बोट काढलं. त्यांचा हात मात्र मला सोडवेना, आणि त्यांनीही तो काढून घेतला नाही. काढून घेण्याइतका तो त्यांचा राहिलाच नव्हता.