गोठ्याचं कॉलेज

माझ्या मुलीला गोठा चालवायचं शिक्षण घ्यायचं होतं. हे वाक्य मी आज इतक्या सरळ लिहिते आहे, पण त्या वर्षी पुण्यातल्या एकाही नातेवाइकाला मी ते सांगितलं नव्हतं. कोणी फोनवर विचारलंच, तर "बघतोय अजून, सायन्सचंच काहीतरी," म्हणून मी विषय बदलायचे.

नेदरलँड्समधल्या नायमेखनला आम्ही आलो ते नवऱ्याच्या चिपच्या कंपनीतल्या नोकरीमुळे. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. इथे बाराव्या वर्षीच पोरांची वेगवेगळ्या दर्जाच्या शाळांत वाटणी होते, आणि सगळ्यात वरच्या दर्जाच्या शाळेत नंबर लागला तरच पुढे थेट विद्यापीठ. त्या शाळेसाठी आम्ही जिवाचं रान केलं. डच व्याकरणाचे धडे तिच्याबरोबर मीही गिरवले, आणि आजही माझं डच त्या सहावीच्या पुस्तकापुढे गेलेलं नाही. एवढं करून पोरगी विद्यापीठाच्या दारात पोचली, आणि म्हणाली, मला विद्यापीठात नाही जायचं, मला उत्तरेकडच्या त्या व्यावसायिक कॉलेजात जायचंय, डेअरी फार्मचं व्यवस्थापन शिकायला.

खरं तर हे मीच ओढवून घेतलं होतं. लॉकडाऊनमध्ये शाळा लॅपटॉपवर आली आणि मुलगी तिच्या खोलीत सुकत चालली. जेवायला बोलावलं तरी मेसेज करून "नंतर" म्हणायची. गावाबाहेर नदीच्या बांधापलीकडे एक साठीचा शेतकरी होता. त्याला शनिवार-रविवारी दूध काढायला माणूस हवं होतं, तशी पाटी त्याने फाटकाला लावली होती. सायकलवरून जाताना ती पाटी मीच वाचली, आणि मीच तिला म्हटलं, जा, जरा मोकळी हवा तरी लागेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार शनिवार गेले आणि मुलगी जेवायला स्वतःहून खाली यायला लागली. कुठली गाय लंगडते, कुठलीला काल रात्री जुळं झालं, वासराला बादलीतून दूध प्यायला शिकवताना आधी बोट कसं चोखायला द्यायचं, हे सगळं ती वरणभात कालवता कालवता सांगायची. तिचे कपडे मी गॅरेजमध्येच उतरवून घ्यायचे. वास तरीही घरभर यायचा. मी नाक मुरडायचे, पण ती बोलते आहे याचा आनंद मला होत होता, तो मी कधी कबूल केला नाही.

"म्हणजे तू गवळी होणार?" मी विचारलं.

"आई, दॅट्स नॉट गवळी. इट्स अ बॅचलर. चार वर्षं. माती, चारा, ब्रीडिंग, शेणखताचे कायदे, सगळं असतं."

"शेणाचे कायदे शिकायला तुला इथे आणलं का आम्ही?"

"मला विचारून आणलं होतं?" ती म्हणाली.

कॉलेजची माहिती द्यायचा दिवस ऑनलाइन झाला. एक मास्तर मोबाइल हातात धरून गोठा दाखवत होते, मध्येच एका गाईने कॅमेराच चाटला आणि पडदाभर नुसती करडी जीभ दिसली. मुलगी खळखळून हसली. नवराही हसला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे फार पुढे गेलं. आता थांबवायला हवं." तिने तोवर त्या कोर्सला नाव नोंदवूनही टाकलं होतं. इथे मुलं स्वतःच्या लॉगिनने स्वतःच नाव नोंदवतात, पालकांची सही कोणी मागत नाही.

मार्चमध्ये सासरे घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. नवरा एकुलता एक, त्यामुळे तीन आठवड्यांसाठी तो पुण्याला गेला. जाताना तिला बजावून गेला, "एक मेपर्यंत बदलता येतं. मी आलो की शांतपणे बसून ठरवू. कॉम्प्युटर सायन्स भर, एवढं ऐक माझं." सासऱ्यांचं ऑपरेशन नीट झालं, आणि परतीच्या तिकिटाच्या चार दिवस आधी नवऱ्यालाच ताप आला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिलमधलं पुणे कसं होतं हे मी सांगायला नको. चुलतदीर त्याला गाडीत घालून बेड शोधत फिरत होते आणि मी इथे स्वयंपाकघरात फोन घेऊन उभी. ओळखीच्या डॉक्टरांना मेसेज, शाळेतल्या मैत्रिणींना मेसेज, ज्यांच्याशी वीस वर्षं बोलले नव्हते त्यांनाही मेसेज. तिसऱ्या दिवशी बेड मिळाला. त्याच आठवड्यात भारतातून येणारी विमानं या देशाने बंद केली. म्हणजे तो येऊ शकत नव्हता, आणि मी गेले असते तर परत कधी येणार याचा पत्ता नव्हता, आणि मुलीची शेवटची परीक्षा तोंडावर. मी रोज सकाळी उठून एकच आकडा ऐकायचे, ऑक्सिजन किती. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. त्यात मला करता येण्यासारखं काहीही नव्हतं. मी भांडी घासायचे. घासलेलीच पुन्हा घासायचे.

अशाच एका सकाळी मुलगी खाली आली आणि म्हणाली, "आई, मी कॉम्प्युटर सायन्सला रजिस्टर केलं. ते दुसरं काढून टाकलं."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. नवरा तिकडे श्वासाला झगडत होता आणि मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट मार्गी लागली. संकटात पोरं शहाणी होतात असंही मी मनात म्हणून घेतलं. दिरांना मेसेज केला, शुद्धीवर असेल तेव्हा त्याच्या कानात सांगा. दोन दिवसांनी आकडा नव्वदच्या वर गेला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो शेतकरी आमच्या दाराशी आला. दीड मीटर लांब उभा राहून त्याने एक पिशवी पायरीवर ठेवली. आत मुलीचे गमबूट होते, धुतलेले. म्हणाला, तिने फोन करून सांगितलं की यापुढे कधीच येणार नाही. माझं काही चुकलं का, तो विचारत होता. मी माझ्या सहावीच्या डचमध्ये परीक्षा, अभ्यास, असं काहीतरी बोलले. त्याला ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

मी वर गेले. "कॉलेज सोडलंस ते ठीक. गोठ्यावर जायचं का सोडलं?"

ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "तू आंबे सोडले होतेस ना? बाबाचं परमिट यावं म्हणून?"

आमच्या घरात ही रीतच होती. माझ्या आईने माझ्या दहावीच्या निकालासाठी चहा सोडला होता, मी नवऱ्याच्या इथल्या नोकरीच्या परमिटसाठी हापूस. काहीतरी फार आवडीचं सोडायचं आणि देवाला सांगायचं, आता तू बघ. मुलीला हा किस्सा मी हसत हसत सांगितला होता, त्या उन्हाळ्यात पेट्या दारात येऊन परत कशा गेल्या वगैरे.

"अगं, असं काही नसतं," मी म्हटलं. "ते आपलं मनाच्या समाधानासाठी."

तिने आता मान वर केली. "हंड्रेड पर्सेंट? शुअर आहेस? मी परत बदलू? अजून तीन दिवस आहेत."

मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर आहे. औषधाने काय होतं, कशाने काय होत नाही, हे मला कळतं. त्या दिवशी सकाळचा आकडा एक्क्याण्णव होता. मला फक्त "हो, शुअर आहे" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बाबा घरी येऊ दे, मग बघू."

ती पुन्हा वाचायला लागली. एक मे आला आणि गेला. मी त्या दिवशी काय केलं म्हणाल तर साबुदाणा भिजवला.

नवरा जूनमध्ये परतला, बारा किलोने कमी. क्वारंटाइनचे दिवस संपल्यावर तो पहिल्यांदा आमच्याबरोबर जेवायला बसला, आणि त्याने मुलीच्या ताटाकडे बघत बोलायला सुरुवात केली. तिथे पडल्या पडल्या त्याने खूप विचार केला होता म्हणे. शेजारच्या बेडवरचा माणूस त्याच्याच वयाचा होता, तो गेला. "माणसाने आवडेल ते करावं. मी काल तुझ्या त्या गाईंच्या कॉलेजला फोन केला. अजून जागा आहेत, उशिरा आलात तरी घेऊ म्हणाले. जा तू."

मी मुलीकडे पाहिलं. तिचा घास हातातच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, पण काय विचारते आहे ते मला कळलं. आत्ता मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. पण मग त्याला सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्याच्या बोटाला मी अजून रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून बघत होते.

"नको बाबा," ती म्हणाली. "आय लाइक कोडिंग."

"नक्की?" त्याने मला विचारलं. "तुला काही बोलली का ही?"

"आवडी बदलतात या वयात," मी म्हटलं आणि त्याला आमटी वाढली.

त्याला ठसका लागला. साधाच, आमटी तिखट झाली होती. आम्ही दोघीही एकदम खुर्चीवरून उठलो.