तोंडातल्या टाचण्या

टाचणीमावशीला हे नाव काही तिच्या अंगकाठीवरून पडलेलं नाही; अंगानं ती चांगली भरदार आहे. कपड्याची ट्रायल घेताना ती सात-आठ टाचण्या ओठांत धरते, म्हणून ती टाचणी. चाळीस वर्षांची सवय. गिऱ्हाईक आरशापुढं उभं, मावशी त्याच्या पायाशी गुडघ्यांवर, आणि गिऱ्हाईक बोलतंय. सासू, नवरा, शेजारीण, कंबरदुखी, काय वाट्टेल ते. मावशी नुसतं "हं" म्हणते. बायकांना वाटतं, काय समजूतदार बाई आहे! समजूतदार कसली, तोंड उघडलं तर टाचणी पोटात जाईल.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. पुढं काचेचं दार आणि तीन पानी आरसा, मग जाड पडदा. पडद्याआड दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि काडी.

काडी मावशीच्या बहिणीची. लहानपणी हातपाय बघून ठेवलेलं नाव. तिला मुलगा म्हणून वाढवलं, आणि एकोणिसाव्या वर्षी तिनं घरात सरळ सांगून टाकलं, की मी मुलगी आहे. बापानं बॅग भरून दाराबाहेर ठेवली. आई खिडकीत उभी राहिली, खाली आली नाही. ती बॅग घेऊन काडी मावशीकडं आली.

मावशीला उगाच देवमाणूस करायला नको. तिची नजर अधू झाली होती, सुईत दोरा ओवता येत नव्हता, हाताशी कुणीतरी हवंच होतं. पण तिनं दार उघडलं आणि "अगं, आत ये की, उभी काय राहिलीस?" म्हणाली, हेही खरं. त्याला सात वर्षं झाली. आता काडी हातानं काजं घालते, अशी सुबक की उलट्या बाजूनंही बघत राहावं. गिऱ्हाईक आलं की मात्र ती पडद्याआड. तसं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं म्हणूनच ते सात वर्षं चाललं.

गेल्या सोमवारी शाळेच्या हेडबाई कोटाच्या ट्रायलला आल्या. जुनं गिऱ्हाईक, बोलायला गोड. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमातल्या मुलींचे फ्रॉक त्यांनी मावशीकडंच द्यायचे ठरवले होते, आणि मुली गुरुवारी मापाला येणार होत्या. मावशी कोटाची खालची पट्टी दुमडत होती. ओठांत टाचण्या.

"मला कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही हं," हेडबाई आरशात बघत म्हणाल्या. असं म्हणणारं माणूस पुढं वाकडंच बोलतं. "पण मुली येतील तेव्हा तो मागं नको. आईबाप विचारतात हो. असल्यांचा काय भरवसा?"

"हं," मावशी म्हणाली.

"तुमचं मन मोठं. पण खरं सांगा, तुम्हालाही मनातून किळस येतच असेल की नाही?"

"हं."

पडद्याआड इस्त्रीचा फुसफुस आवाज चालू होता, तो थांबला.

संध्याकाळी दुकान बंद करून दोघी वरच्या खोलीत आल्या. काडीनं पलंगाखालची बॅग ओढून काढली.

"कुठं निघालीस?"

"शर्टाच्या कारखान्यात जागा आहे. राहायचीही सोय आहे."

"तिथं तुला घेतील?"

"जुन्या नावावर घेतील. केस कापून, पँट घालून गेले तर घेतील."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "त्या बाईच्या बोलण्याला काय धरून बसतेस!"

"तिच्या नाही. मावशी, तू हो म्हणालीस."

"तोंडात टाचण्या होत्या गं माझ्या!"

"आणि घरमालक 'तुमचा भाचा' म्हणाला, तेव्हा? तेव्हा तर तू चहा पीत होतीस. आईचा फोन आला आणि 'तो अजून तसाच का' विचारलं, तेव्हा काय होतं तोंडात?"

मावशीनं बॅगेवर हात ठेवला. काडी मात्र शर्ट घडी करत म्हणाली, "कोटाची तीन काजं राहिलीत. ती संपवून गुरुवारी जाते." काम अर्धवट टाकणं तिच्यात नाही. मावशीनंच शिकवलंय.

गुरुवारी हेडबाई अर्धा तास आधीच आल्या. मुली यायच्या होत्या. काडीची बॅग काचेच्या दाराशी ठेवलेली होती. हेडबाईंनी ती पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

मावशीनं कोट त्यांच्या अंगावर चढवला. सवयीनं टाचण्या तोंडाकडं नेल्या आणि टेबलावर ठेवून दिल्या.

"सोमवारी मी हं म्हणाले ना, ते मागं घेते," ती म्हणाली. "मला किळस येत नाही. ती माझी भाची आहे. ती कामाला आत बसते, मुलींना खाऊन टाकत नाही."

"अहो, मी कुठं काही..."

"म्हणालात की! भरवसा नाही म्हणालात. तुमच्या अंगावरची काजं तिनं घातलीत. गेल्या वर्षीच्या कोटाचीही तिचीच. तेव्हा चालली?"

हेडबाईंचा हात नकळत छातीवरच्या काजावर गेला. त्यांनी कोट उतरवला, खुर्चीवर ठेवला, पर्स उचलली. "वयानं तुमचं डोकं फिरलंय. मुलींना मी दुसरीकडं नेते." काचेचं दार हळूच लावून गेल्या; आपटलंसुद्धा नाही. बाई शिस्तीच्या.

पडदा सरकला. काडीच्या हातात कात्री होती.

"फार उशीर केलास मावशी."

"केला."

"आता बाकीच्यांना सांगत सुटेल ती."

"सुटू दे." म्हणायला म्हणाली, पण तिनं टेबल धरलं. काडीनं पुढं होऊन तिला खुर्ची दिली, खुर्चीवरचा कोट उचलून आत नेला. ती त्या दिवशी गेली नाही. राहते असंही म्हणाली नाही. बॅग दाराशीच राहिली.

शुक्रवारी दोन बायका आपलं कापड परत घेऊन गेल्या. काही विचारलं नाही, सांगितलं नाही. शनिवारी कोपऱ्यावरची केमिस्टबाई पँट आखूड करायला आली. मावशी गुडघ्यांवर बसली आणि टाचण्या ओठांत धरल्या. सवय कुठं एका आठवड्यात जाते?

केमिस्टबाईनं एक पाय उचलून दाराकडं वळून बॅग बघितली. "काय हो, तो चालला वाटतं? बरं झालं म्हणा, तुमच्या मागची कटकट गेली."

पडद्याआड इस्त्री थांबली.

मावशीनं एकेक करून टाचण्या तळहातावर काढल्या. सात होत्या. तेवढा वेळ केमिस्टबाई एका पायावर तोल सांभाळत उभी होती.

"ती," मावशी म्हणाली. "ती आत काम करतेय. आणि कटकट नाही ती माझी. पाय खाली ठेवा, माप चुकेल."

केमिस्टबाईनं पाय खाली ठेवला. बऱ्याच वेळानं इस्त्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला. बॅग दाराशीच होती. मावशी तिच्याकडं बघायचं टाळत पट्टी दुमडत राहिली.