पहिल्या फेरीची जोड

इंग्लंडमधल्या हिरवळीवरच्या मोठ्या टेनिस स्पर्धेचा पुरुषांचा ड्रॉ जूनअखेरच्या शुक्रवारी जाहीर होतो. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार. सांगलीतल्या एका दैनिकासाठी बरीच वर्षं मी त्या ड्रॉवर लेख लिहितो. कोणाच्या वाट्याला कोण आलं, कोण कुठवर जाईल, कोण पहिल्याच आठवड्यात घरी परतेल, असा अंदाज असतो तो. संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा, तो शनिवारी छापून येतो आणि रविवारी क्लबवर चार जण भांडायला येतात. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, पण गावात मला ओळखतात ते या लेखामुळे.

यंदाही लेख लिहिला. मात्र ज्या खोलीत बसून लिहिला, तिच्या शेजारच्या खोलीत माझा मुलगा होता आणि महिनाभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या पुढच्या स्पर्धेचा प्रवेश भरायची मुदत त्याच शुक्रवारी संध्याकाळी संपत होती आणि त्याने तो भरला नव्हता. बायकोने सकाळीच सांगितलं होतं, "आज नाही भरला तर तो परत रॅकेटला हात लावणार नाही. तुम्ही काय करायचं ते करा, पण त्याच्या खोलीत जाऊ नका."

कारण मी होतो.

मे महिन्यात साताऱ्यात पुरुषांची खुली स्पर्धा होती. मुलगा एकवीस वर्षांचा आहे, राज्य पातळीवर खेळतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत अडकतो. साताऱ्याचा ड्रॉ लागला आणि पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर पहिला मानांकित आला. मी रेफ्रीच्या टेबलाशी गेलो. म्हणालो, "ही जोड तोलामोलाची नाही. पहिल्या फेरीपुरती बदलून द्या."

रेफ्री तरुण होता. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "काका, ही काय गावची कुस्ती आहे का? मानांकितांच्या जागा ठरलेल्या असतात, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढतो आम्ही. निघाली ती निघाली."

तिथून मी परत फिरायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "पोराला ताप येऊन गेलाय."

ताप-बिप काही नव्हता. रेफ्रीने मान वर करून कोर्टाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, बाबा म्हणतात तुला ही मॅच नकोय. ताप आहे म्हणे?" तिथे दहाबारा खेळाडू पायाला पट्ट्या बांधत बसले होते. ते हसले. मुलगा हसला नाही. तो मॅच खेळला आणि बघता बघता हरला. कोर्टाच्या बाजू बदलताना समोरचा त्याला विचारत होता, "उतरला का रे ताप?" हे मी जाळीमागून ऐकलं. तो एसटीने एकटा घरी आला आणि बॅग त्याने पलंगाखाली ढकलली.

कोणत्याही टेनिसवाल्या बापाला असं काही सुचलं नसतं. मला सुचलं, कारण मी माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला आहे आणि माझे वडील, म्हणजे आबा, आमच्या यात्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावायचे. आमच्याकडे पैलवानाचा हात धरून त्याला मैदानात फिरवतात, जोड मागतात, आणि समोर येईल तो तोलाचा आहे की नाही हे कमिटीतले जाणते ठरवतात. जोड जड वाटली तर पोराच्या घरचे उठतात, बोलतात, भांडतात, आणि जोड बदलली जाते. यात कुणाला लाज वाटत नाही. आबांचा शब्द त्यात अखेरचा असायचा. मेंढरू घेताना पाठीवर हात दाबून बघतात, तसा ते पैलवानाच्या मानेवर हात ठेवायचे आणि सांगायचे की हा याच्याशी टिकेल, त्याच्याशी नाही. माझे ड्रॉचे लेख लोकांना आवडतात ते याच नजरेमुळे. मी आकडे कमी देतो आणि अंग, दम, स्वभाव यांवर जास्त लिहितो.

मात्र माझी स्वतःची जोड लागायची वेळ आली होती तेव्हा आबा कमिटीच्या व्यासपीठावरून खाली उतरले होते आणि दुकानांच्या मागे कुठेतरी निघून गेले होते. जोड दुसऱ्याच कुणीतरी लावली. मी सोळा वर्षांचा होतो. समोरच्याने मला उचलून असं टाकलं की हलगीवाल्याचा ठेकासुद्धा पुरा झाला नाही. माझ्या बापाने सगळ्या गावाच्या पोरांकडे बघितलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली, हे मनात धरून मी एवढी वर्षं काढली. माझ्या पोराच्या बाबतीत मी कधी पाठ फिरवणार नाही, हेही तेव्हाच ठरलं असावं.

तर तो शुक्रवार. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. एका डोळ्यावर पट्टी होती, मोबाईल बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ड्रॉ मी मोठ्याने वाचत होतो. मोठ्याने वाचायचं आणखी एक कारण होतं. शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"पहिल्या लंबरचा गडी कसा हाय अंगानं?" आबांनी विचारलं.

"उंच आहे. सर्व्हिस झाडावरून आल्यासारखी येते."

"उंच गडी खाली वाकंना. पायात टाका म्हणावं बॉल."

मी ते लिहून घेतलं. हिरवळीवर चेंडू तसाही खाली राहतो, पहिले काही दिवस गवत ओलसर आणि निसरडं असतं, लांब पायांच्या माणसाला वळायला वेळ लागतो. आबांना यातलं काही माहीत नव्हतं, पण ते बरोबर होते. ड्रॉच्या खालच्या भागातला दुसरा मानांकित मला कधीच आवडला नाही. तो हरायला लागला की पंचांशी भांडतो. त्याच्याबद्दल मी लिहिलं की त्याच्या वाटेत तिसऱ्या फेरीपर्यंत एकही खरा सर्व्हिसवाला नाही, आणि हे त्याने कमावलेलं नाही. पस्तिशी ओलांडलेला एक डावरा होता. "दम किती उरलाय?" असं आबांनी विचारलं. मी म्हणालो, "तीन सेटचा. पाचचा नाही."

"मग त्येला पयल्याच दिवशी दमवणारा भेटला पायजे."

"भेटलाय."

"मग गेला."

असं चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. मग पहिल्या मानांकितासमोरचं नाव आलं. पात्रता फेरी खेळून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा होता. मी टंकत टंकत वाक्य मोठ्याने म्हटलं, "सोपा प्रतिस्पर्धी मिळाला असता तर हा मुलगा दुसऱ्या आठवड्यात दिसला असता. ही जोड अन्यायाची आहे."

"परत वाचा." मुलगा दारात उभा होता.

महिन्याभरातले पहिले शब्द. मला इतका आनंद झाला की मी खरंच परत वाचलं.

"त्याला विचारलंत?"

"कुणाला?"

"त्या पोराला. अन्याय झाला का तुझ्यावर, असं विचारलंत? तो आत्ता हॉटेलात नाचत असेल, पप्पा. घरी फोन करून सांगत असेल की मुख्य कोर्टावर, पहिल्या नंबराशी खेळतोय. आणि तुम्ही इथं सांगलीत, विश्रामबागेत बसून त्याची कीव करताय. फोन लावा ना तिथल्या रेफ्रीला! ताप आहे म्हणावं."

"सगळ्यांसमोर धुतला जाईल तो."

"जाऊ दे की! धुतला गेल्याशिवाय त्याला कळणार कसं, अजून किती लांब जायचंय ते? मलापण तीच मॅच पाहिजे होती. ड्रॉ बघितल्यावर मी आदल्या रात्री झोपलो नव्हतो. भीतीनं नाही."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"ताप मला आला नव्हता. तुम्हाला आला होता."

आबा पलंगावर सरकून बसले. "कसला ताप रं? कुनाला?"

मी डोळ्यांनी मुलाला गप्प राहायला सांगितलं. तो माझ्याकडे बघत बघत म्हणाला, "आबा, तुमच्या लेकानं माझी जोड बदलून मागितली. साताऱ्यात, चारचौघांत, खोटं बोलून."

आबांनी उघडा डोळा माझ्यावर लावला. "तू मागितलीस?"

"आवं आबा, पोरगं माझं आहे. बघत बसू?"

"तुजी जोड मी कवा लावली व्हती रं?"

"नाही लावली," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "कधीच नाही लावलीत. गावाच्या पोरांना मापून दिलंत आणि माझ्या वेळेला निघून गेलात. तुम्हाला पर्वा नव्हती."

"पर्वा न्हवती?" आबा ओरडले. डॉक्टरांनी जोरात बोलायलाही मनाई केली होती. "आरं मुडद्या, लय पर्वा हुती म्हून खाली उतरलो! वर बसलो आस्तो तर तुजंच बघितलं आस्तं. त्या दुसऱ्याच्या पोराकडं कुनी बघायचं? आन् हरलास तू तुज्या मानंमुळं. बगळ्यावानी मान तुजी. एवढं दूध घातलं, समदं वाया."

मुलगा फसकन हसला. ते हसू मला लागलं. बापासमोर आणि पोरासमोर एकाच वेळी उघडा पडलेला माणूस जे करतो तेच मी केलं. "तर मग नको भरूस प्रवेश! आज मुदत आहे, माहितीय मला. बस घरी. सोड सगळं!" स्वयंपाकघरातून बायकोने भांडं आपटलं.

"मुदत मलापण माहीत आहे," मुलगा शांतपणे म्हणाला. हसू गेलं होतं. "भरतो. पण तुम्ही येणार असाल तर नाही भरणार."

तो आठ वर्षांचा असल्यापासून त्याचा एकही सामना मी चुकवलेला नाही. कॉलेजातल्या रजा त्याच्यासाठी संपवल्या. हे मी त्याला लगेच सांगितलं. सांगायला नको होतं.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

"लांब उभा राहीन."

"नाही."

"रेफ्रीकडे बघणारसुद्धा नाही."

"नाही."

"निदान स्पर्धा कुठं आहे ते तरी सांग."

"तेपण नाही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. लवकर."

मी हो म्हणालो. मला काही उमगलं होतं म्हणून म्हणालो असं नाही. आबांचा एक डोळा माझ्यावरून हलत नव्हता, आणि नाही म्हटलं तर त्याची बॅग कायमची पलंगाखाली राहिली असती. आतून मी अजूनही म्हणत होतो की हा पोरगा कृतघ्न आहे. त्याने उभ्या उभ्या मोबाईलवर अंगठा फिरवला, प्रवेश भरला आणि खोलीत गेला. बॅग ओढल्याचा आवाज आला.

मी तो अन्यायाचा परिच्छेद खोडायला घेतला. मुलगा पाण्याची बाटली भरायला बाहेर आला होता. त्याने माझ्या खांद्यावरून बघितलं.

"खोडता कशाला? तो खेळतो कसा ते लिहा."

मी खोडतच राहिलो.

"पात्रतेतला त्याचा एक तरी सामना बघितलात?"

बघितला नव्हता. ज्या मुलाबद्दल मी सांगलीकरांना हळहळायला लावणार होतो, त्याला मी कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. मुलगा बाटली घेऊन निघून गेला. मग मी ते सामने शोधून बघत बसलो. संपादकांचे दोन फोन आले, मजकूर उशिरा गेला. पोरगा बॅकहँड खाली कापून मारतो, चेंडू गवतावरून सरपटत जातो, दुसरी सर्व्हिस कच्ची आहे, आणि पिछाडीवर पडला की नेटकडे धावत सुटतो. मी लिहिलं की तो हरेल, बहुधा सरळ तीन सेटमध्ये, पण उंच माणसाला तो पुष्कळ वेळा वाकायला लावेल, म्हणून सामना सुरुवातीपासून बघा. रविवारी क्लबवर एक जण म्हणाला, "काय गड्या, यंदा लेखात दया-माया काहीच नाही?"

मुलगा बुधवारी गेला. कुठे ते बायकोला माहीत आहे. मी विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. जाताना तो आबांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "येतो." एवढंच. आमच्यातलं काही मिटलेलं नाही. निघायच्या दिवसापर्यंत जेवताना तो माझ्याकडे न बघताच भाकरी मागायचा.

त्याच्या स्पर्धेचा ड्रॉ एव्हाना संघटनेच्या वेबसाइटवर लागला असेल. नाव टाकलं की पहिल्या फेरीत समोर कोण आलंय ते मला कळेल आणि स्पर्धा कुठे आहे तेही कळेल. सातारा असो की सोलापूर, सकाळच्या गाडीने निघालो तर मी सामन्याला पोचेन. आज दुपारपासून तीनदा मोबाईल हातात घेतला. तिसऱ्यांदा घेतल्यावर आबांनी विचारलं, "काय बघतुयास रं?" मी म्हणालो, काही नाही, आणि मोबाईल त्यांच्या उशाखाली ठेवला. ते त्यावर डोकं टेकून झोपलेत.